दहा इंचांच्या वर

दाराच्या मुठीला नारिंगी कागद लटकत होता. आर्लिसच्या एका हातात बटाट्यांची पिशवी, दुसऱ्यात किल्ली. आधी तिला वाटलं, पिझ्झावाल्यांची जाहिरात असणार, ते मेले कुठेही कागद अडकवतात. मग वरच्या ओळीतला ‘सूचना’ हा शब्द दिसला आणि तिने पिशवी पायरीवर ठेवली. आपल्या आवारात दहा इंचांपेक्षा उंच गवत अथवा तण वाढलेले आढळले आहे, तक्रार आलेली आहे, सात दिवसांच्या आत कापावे, न कापल्यास पालिकेची माणसे येऊन कापतील. एवढं छापील. खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, ‘पुढचे अंगण, कुंपणाजवळ, फार उंच.’ ‘फार’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या. आर्लिस त्या दोन रेघांकडेच बघत राहिली. शाळेच्या भोजनगृहात एकतीस वर्षं तिने रांधलं, तपासनीस यायचे, पातेल्यांच्या बुडाला हात लावून बघायचे आणि काही न बोलता जायचे. एकाहत्तर वर्षांत कुणी तिच्या कुठल्याही गोष्टीखाली रेघ ओढली नव्हती. तिचे कान तापले. आणि मग एकदम लक्षात आलं की हा रंग मुद्दाम निवडलेला आहे, अख्ख्या गल्लीला दिसावा म्हणून, आणि सकाळपासून तो दिसत होता.

तिने मान वळवली. कुंपणापाशी ते उभं होतं, आठ फूट, तिच्या डोक्याच्या वर दोन हात. हाताच्या अंगठ्याएवढे जाड, चौकोनी देठ, एकाला एक लागून असे वीसबावीस. प्रत्येक देठावर समोरासमोर दोन पानं, आणि ती दोन पानं बुडाशी एकमेकांना अशी जुळलेली की मधून देठ वर गेलाय आणि भोवती पेला झालाय. पाऊस पडला की त्या पेल्यांत पाणी साठतं आणि तीनतीन दिवस राहतं. म्हणून इकडे त्याला पेल्याचं झाड म्हणतात. खरं तर झाड नव्हेच ते, हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरून जातं आणि मे महिन्यात मुळातून पुन्हा वर येतं, वर्षानुवर्षं. शेंड्यांना कळ्या धरल्या होत्या, हिरव्या, घट्ट. आठवड्याभरात उमलल्या असत्या. दरवर्षी जुलैच्या शेवटी उमलायच्या, पिवळ्या, बशीएवढ्या नाहीत, बशीतल्या बिस्किटाएवढ्या.

हॅल्वरने ते आणलं होतं. तिच्या नवऱ्याने. त्याच्या बापाचं शेत विकलं गेलं त्या वसंतात तो एकटाच गाडी घेऊन गेला आणि दुपारी परतला तेव्हा मागच्या सीटवर दुधाची जुनी बादली होती, बादलीत चिखल, चिखलात बोटभर मूळ. घरातून काही आणलं नाहीस का रे, असं तिने विचारलं होतं, घड्याळ, बायबल, आईची ताटं. तो म्हणाला, ते भावांनी नेलं, मी बांधावरचं हे आणलं, नवा मालक बांधापर्यंत मका पेरणार आहे. तिला तेव्हा इतका राग आला की तिने बादली घरात येऊ दिली नाही. पहिल्या वर्षी नुसती चार पानं आली. दुसऱ्या वर्षी कमरेएवढं झालं. तिसऱ्या वर्षी फुललं, आणि हॅल्वर अंगणात खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसला, चर्चला जायच्या कपड्यांत. ती त्याला हसली होती. गवताच्या बारशाला बसलायस का, असं म्हणाली होती. तो कधीच फारसं बोलत नसे, आणि इकडे ते चांगल्या माणसाचं लक्षण धरतात.

“कापून देऊ का मी?” शेजारचा ड्वेन त्याच्या गाडीपाशी उभा होता, हातात फडकं. साठीचा माणूस, गॅरेजमध्ये प्रत्येक हत्याराची जागा भिंतीवर रंगवून ठेवणारा. तीस वर्षांचा शेजार. हॅल्वर होता तेव्हा ड्वेन त्या झाडाला ‘हॅल्वरचं जंगल’ म्हणायचा, आत हरवलेलं मांजर सापडलं का, असं विचारायचा. “मशीन बाहेरच आहे माझं.” आर्लिस म्हणाली, नको, कशाला तुला त्रास. ड्वेनने मान हलवली, हवा बरीच कोरडी आहे यंदा असं म्हणाला आणि फडकं झटकून आत गेला. कागदाचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही.

आता इकडची रीत अशी आहे. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, पण जरा कारण देऊन. तिसऱ्यांदा विचारलं की मग घ्यायचं, तेही तोंडाने हो न म्हणता, कशाला एवढं करतोस असं म्हणत. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस हावरट, आणि एकदाच विचारून गप्प बसणारा माणूस मनातून देत नव्हता असा हिशेब. कॉफी असो, शेवटचा केकचा तुकडा असो, बर्फात रुतलेली गाडी ढकलायची असो, तीनदा. लहान मुलं हे आईच्या मांडीवर शिकतात, कुणी शिकवत नाही. आर्लिसची आई तर मरणपंथाला लागलेली असताना पाणी नको नको करत होती आणि नर्स दक्षिणेकडून आलेली, ती बिचारी पहिल्या नकारालाच पेला परत नेत होती. शेवटी आर्लिसने तिला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, तीनदा विचारत जा. इतकी ती रीत तिच्या हाडात भिनलेली होती. म्हणून तर हॅल्वर गेला त्या ऑक्टोबरच्या रविवारचं तिला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही ते बरंच झालं.

ती सफरचंदं शिजवत होती. मोठं पातेलं, दालचिनी, बरण्या उकळत्या पाण्यात. हॅल्वर दारात आला आणि डावा दंड चोळत म्हणाला, सकाळपासून ठणकतोय, आणि जरा कसंतरी होतंय. तिने विचारलं, डॉक्टरला फोन करू? तो म्हणाला, नको, रविवारी कुठे त्याला. तिने पातेल्यात डाव फिरवला आणि पुन्हा विचारलं, करते ना फोन? तो म्हणाला, नको गं, बाहेर बसतो थोडा, बरं वाटेल. आणि तो तिथेच उभा राहिला. हे तिला आठवतं. तो लगेच गेला नाही. चौकटीला हात लावून, जेवढा वेळ माणूस तिसऱ्या प्रश्नाची वाट बघतो तेवढा वेळ, उभा राहिला. आणि पातेलं खाली लागायला लागलं होतं, करपल्याचा वास आला, तिने पाठ फिरवली. मग मागे वळून बघितलं तर तो अंगणात जाऊन बसला होता, वाळलेल्या झाडासमोर, पिवळ्या चिमण्या देठांना उलट्या लटकून बिया खात होत्या. खिडकीतून त्याची टोपी दिसत होती. तिने सात बरण्या भरल्या, झाकणं घट्ट केली, पुसल्या, ओळीने लावल्या. तासभर टोपी दिसत होती. सरळ होती.

त्या सात बरण्या अजून तळघरात आहेत. तिने उघडल्या नाहीत आणि फेकल्याही नाहीत. आठ वर्षं झाली.

ज्याला ती गवत म्हणायची त्याची सेवा तिने त्यानंतरच्या वसंतापासून धरली. सेवाच म्हणायची, दुसरा शब्द नाही. वाळलेले देठ ती शरदात कापत नसे, त्यांच्या पोकळीत बारक्या मधमाश्या हिवाळा काढतात म्हणून, मे उजाडल्यावरच कापी, तेसुद्धा गुडघाभर ठेवून. जूनमध्ये शेंड्यांवर लाल मावा पडतो, तो ती साबणाच्या पाण्याने एकेक देठ चोळून धुवायची, लहान मुलाची मान धुवावी तशी. जुन्या चादरींच्या पट्ट्या फाडून देठांना सैल बांधायची, वादळात आडवे होऊ नयेत म्हणून. हे काही कुणी शिकवलं नव्हतं, हॅल्वर करताना तिने खिडकीतून बघितलं होतं, तोंड वाकडं करून. आता तिला ते आवडत होतं का? तसंही नाही. रोज सकाळी पडदा सरकवला की ते समोर उभं, आणि ती पडदा पुन्हा अर्धा ओढून घ्यायची. पण ते जगलं पाहिजे, एवढं तिला कळत होतं. माणसाला तिसऱ्यांदा विचारलं नाही, निदान त्याच्या झाडाला पाणी विचारावं.

नारिंगी कागदानंतरचे दिवस तिने विचित्र काढले. तक्रार कुणी केली ते कागदावर नसतं, म्हणून तिला सगळीच घरं तक्रार करणारी दिसायला लागली. समोरच्या घरातली तरुण बाई हात हलवून हसली, तिच्या हसण्यात आर्लिसला दोन रेघा दिसल्या. पोस्टमन नेहमीपेक्षा लवकर गेला. दुसऱ्या दिवशी फ्रीजवर लावलेला कागद तिने काढून खणात ठेवला, तर खण उघडा आहे असं वाटत राहिलं. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला सगळे जमले तेव्हा ड्वेनने तिच्या ताटलीत ऱ्हुबार्बच्या आंबट देठांची वडी ठेवत हळूच म्हटलं की ते अंगणातलं बुधवारी उरकून टाकू का, बुधवारी त्याला सुटी आहे. बोलायची वेळ ती होती. हे हॅल्वरचं आहे, मला ते हवं आहे, एवढी दोन वाक्यं. जिभेवर आली. पण मला अमुक हवं आहे असं चारचौघांत म्हणायचं म्हणजे इकडे माणूस उघडा पडल्यासारखा होतो, आणि कॉफीची किटली घेऊन पाळकाची बायको नेमकी तिथेच उभी. आर्लिसने वाक्यं गिळली आणि म्हणाली, नको रे, सुटीच्या दिवशी तुला कशाला राबवू. दुसरा नकार, कारणासहित. तिचं तिलाच ऐकू आलं, आणि वडी तोंडात फिरायला लागली.

सोमवारी संध्याकाळी ड्वेन कुंपणाशी आला. त्याच्या बागेतल्या काकड्या घेऊन, म्हणजे विचारायलाच आला होता. आर्लिस झाडाला पाणी घालत होती, झारीतून, बुडाशी, थांबून थांबून. वरच्या एका पेल्यात आदल्या रात्रीच्या बारीक सरीचं पाणी होतं आणि एक पिवळी चिमणी त्याच्या कडेवर बसून चोच बुडवत होती. दोघांनी ती बघितली. ड्वेन म्हणाला, “बघा, आर्लिस, मला खरंच काही जड नाही. पालिकेची पोरं आली की कसंही कापतात, फुलझाडंसुद्धा तुडवतात. मी नीट करीन.” त्याच्या बोलण्यात काळजी होती. खरीखुरी. आणि तिसऱ्यांदा कुणीतरी तिला काही विचारत होतं, तो तिसरा प्रश्न, जो इतका साधा असतो आणि माणसाला आत घेऊन जातो. तिला एकदम थकल्यासारखं झालं. तिचा आवाज मऊ पडला. ती म्हणाली, “अरे, तुझी तुला काय कमी कामं आहेत.” ड्वेन समाधानाने हसला, काकड्या तिच्या हातात दिल्या आणि गेला.

घरात आल्यावर तिने काकड्या ओट्यावर मांडल्या आणि पुन्हा पिशवीत भरल्या. आपण नकोच म्हणालो, ती स्वतःला सांगत राहिली, शब्द बघितले तर नकोच. मंगळवारी सगळा दिवस ड्वेनच्या दारापर्यंत जायचं तिच्या मनात होतं. दोनदा ती बूट घालून निघाली. एकदा त्याची बायको कपडे वाळत घालत होती म्हणून परतली. दुसऱ्यांदा परतायला काही कारणही नव्हतं. पण तिला एक सुचलं, आणि ते सुचल्यावर ड्वेनकडे जायची गरजच उरली नाही असं तिने ठरवून टाकलं. कागदाच्या मागे बारीक अक्षरांत होतं, मुद्दाम लागवड केलेल्या झाडांबाबत कार्यालयात येऊन नोंद करता येईल. पालिकेलाच सांगायचं. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. तो पुन्हा दिसत नाही.

बुधवारी सकाळी तिने झाडाला भरपूर पाणी घातलं, गडद निळा चर्चचा झगा घातला, आणि दहाच्या बसने गावात गेली. पालिकेच्या कार्यालयात खिडकीपलीकडे एक मुलगी बसली होती, नखं हिरवी. आर्लिसला वाटलं होतं वाद होईल, पुरावा मागतील. बसमध्ये तिने हॅल्वर, बादली, बांध, सगळं मनात ओळीने लावून ठेवलं होतं. मुलीने विचारलं, तुम्ही लावलंय? आर्लिस म्हणाली, नवऱ्याने. तुम्ही सांभाळता? हो. आणि मग तिने न विचारताच म्हटलं, “मला ते राहायला हवं आहे.” काचेवर तिचा श्वास उमटला. मुलीने मान वर करून पाहिलं, बरं म्हणाली, आणि नोंदीच्या कागदावर शिक्का मारून दिला. लागवड असेल तर ते तण नाही, म्हणाली, एक पाटी लावा म्हणजे पुन्हा कुणी ओरडणार नाही. झालं. चार मिनिटं लागली असतील. आर्लिस बाहेर पायऱ्यांवर आली तेव्हा तिला हसू येत होतं. एवढंच असतं का ते? मला हवं आहे म्हणायचं आणि लोक देतात? परतीच्या बसमध्ये तिने पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली, आणि कितीतरी वर्षांनी तिला सफरचंदांचा वास आला तो करपलेला नव्हता.

गल्लीच्या कोपऱ्यावर उतरली तेव्हाच तिला अंगण जास्त उजेडाचं दिसलं. आधी वाटलं ऊन वर आलंय. मग समोरच्या घराची खिडकी दिसली, तिच्या अंगणातून सरळ, जी कधी दिसत नसे. चालण्याचा वेग तिने वाढवला नाही. रस्त्याच्या कडेला तीन मोळ्या रचल्या होत्या, सुतळीने बांधलेल्या, गाठी एकसारख्या. कळ्या सगळ्या एका बाजूला. पेल्यांतलं पाणी ओघळून फरशी काळी पडली होती आणि चादरीच्या पट्ट्या धुवायच्या कपड्यांसारख्या घडी करून पायरीवर ठेवल्या होत्या. गवतसुद्धा कापलं होतं, कडा सरळ रेषेत. ड्वेन कपाळ पुसत उभा होता, विजारीवर हिरवे कण, आणि त्याच्या चेहऱ्यावर शाळेतल्या पोरासारखं कौतुकाची वाट बघणं.

“चांगलं कठीण निघालं हो,” तो म्हणाला. “देठ नव्हे, खांबच.”

आर्लिसने पर्स उघडली नाही. आता काय म्हणायचं ते तिला माहीत होतं, ती रीतही तिच्या हाडात होती. थँक यू म्हणायचं, इतकं कशाला केलंस म्हणायचं, आणि उद्या ताटभर वड्या घेऊन त्याच्या दारात जायचं. तोंड उघडलंही तिने त्यासाठी. आणि त्याच क्षणी, आतून, कुणी बोट रुतवावं तसा एक विचार आला की सोमवारी आवाज मऊ का पडला होता. चुकून? की कुणीतरी ते एकदाचं कापावं असं तिला वाटत होतं, रोज सकाळी तो पडदा अर्धा ओढणं थांबावं असं? तिने नको म्हणता म्हणता त्याला दिलं होतं का ते? तिला मोळ्यांकडे बघवेना.

“मुळासकट काढतो आता,” ड्वेन म्हणाला. त्याने फावडं आणलं होतं. “नाहीतर मे महिन्यात परत डोकं काढील.”

“नको,” आर्लिस म्हणाली.

ड्वेन हसला. पहिलं नको होतं ते. “अहो, अर्ध्या तासाचं काम.”

“नको, ड्वेन.”

“फावडं हातात आहेच, उगाच दोनदा कशाला खटपट. काढूनच टाकतो, हं?” आणि त्याने फावडं मातीत रोवून त्याच्यावर पाय ठेवला, कारण तिसरा प्रश्न झाला होता आणि आता तिच्याकडून जे काही येणार ते हो असणार होतं. सकाळचं पाणी मातीत मुरलेलं होतं. पातं आवाज न करता आत गेलं.

आर्लिस चालत गेली आणि खुंटांवर बसली. चर्चच्या झग्यात, चिखलात. कापलेले चौकोनी खुंट मांड्यांना टोचत होते आणि त्यांच्यातून डिंकासारखा चिकट रस येत होता. ड्वेनचा पाय फावड्यावर तसाच राहिला.

“नको म्हणजे नको,” ती म्हणाली. असं वाक्य तिने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, तोंडात ते परकं वाटलं.

“पण तुम्ही तर परवा...” ड्वेनचा चेहरा हळूहळू उतरत गेला. “मी तीनदा विचारलं, आर्लिस.”

“हो. तू विचारलंस. चूक माझी आहे.”

त्याने फावडं उपसलं, पात्याची माती बोटांनी काढली. मग टोपी काढली. हॅल्वर इथेच बसायचा, नाही का, असं काहीतरी तो पुटपुटला. आर्लिसने मान हलवली. आणि आठ वर्षं जे पाळकाला सांगितलं नाही, बहिणीला नाही, ते त्या माणसाला सांगितलं ज्याने नुकतंच ते झाड कापलं होतं.

“डॉक्टरला बोलावू का म्हणून मी त्याला विचारलं होतं त्या दिवशी,” ती म्हणाली. “दोनदाच विचारलं.”

दुसऱ्या मुलखातला माणूस म्हणाला असता, मग काय झालं, विचारलंत तर खरं. ड्वेन तसं काही म्हणाला नाही. तो इथलाच होता. त्याने टोपीची कड दोन्ही हातांनी फिरवली आणि रस्त्याकडे बघत राहिला. मोळ्यांवर एक पिवळी चिमणी येऊन बसली, आडव्या पडलेल्या देठांत पेला शोधून उडून गेली.

“उठा,” तो म्हणाला. “हात देऊ?”

“नको.”

“ओलं आहे हो सगळं. गुडघे धरतील. देतो ना हात?”

“नको, बसते जरा.”

ड्वेनने मान डोलावली. आज तो एक गोष्ट शिकला होता, ह्या बाईचं नको म्हणजे नको असतं, आणि ती तो पुन्हा विसरणार नव्हता. त्याने टोपी घातली, फावडं खांद्यावर टाकलं आणि तिच्याकडे पाठ करून आपल्या घराकडे निघाला. पाठ रुंद होती, सदरा घामाने चिकटलेला. आर्लिस त्या पाठीकडे बघत होती. पाठ अशी दिसते तर. दारात उभं राहून तिसऱ्या प्रश्नाची वाट बघणाऱ्याला ती अशी दिसते.

“ड्वेन,” ती म्हणाली. तो थांबला.

“तिसऱ्यांदा विचार.”